घोरपडीचा ‘अवयव’

नाशिकची माणसं सरपटणाऱ्या प्राण्यांवर प्रेम करतात, पण फक्त मोबाइलवर. कोमोडो बेटावरचा ड्रॅगन अख्खं हरीण गिळताना दिसला की ‘काय जबरदस्त जनावर आहे राव’ म्हणत तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरवतात. त्याच ड्रॅगनची चुलत बहीण स्वतःच्या शेताच्या बांधावर ऊन खात पडलेली दिसली, की हातात फावडं. परदेशातला निळा-पिवळा बेडूक ‘क्यूट’. बाथरूममध्ये आलेल्या बेडकावर मात्र मीठ. हो, मीठ टाकतात, मी पाहिलंय, आणि टाकणारी बाई रोज संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावते.

मी शाळाशाळांतून स्लाइड शो घेऊन फिरते. परदेशातली कासवं, इग्वाना, सरडे मुद्दाम आधी दाखवते. टाळ्या पडतात. मग विचारते, घरात पाल दिसली तर काय करता? ‘झाडू!’ अख्खा वर्ग एका सुरात. बाईंसकट.

घोरपड म्हटलं तर विचारूच नका. घोरपड म्हटलं की आपल्या माणसांना किल्ला आठवतो. कडा, दोर आणि ती पकड. ती उंदीर खाते, गोगलगायी खाते, मेलेलं-कुजलेलं खाऊन शेत साफ ठेवते, हे कुणाच्या डोक्यात राहत नाही. राहते ती पकड. ह्याच पकडीने पुढे सगळा घोळ केला, म्हणून आधी सांगून ठेवते.

आमची संस्था म्हणजे गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी जमणारी मूठभर माणसं. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले काका. नाग हाताने धरतील, पण एखादा शब्द चिमट्यानेही धरणार नाहीत. यंदा उन्हाळ्यात आम्ही हाथाजोडीवर पत्रक काढायचं ठरवलं. हाथाजोडी म्हणजे पूजेच्या दुकानात शेंदरात बुडवून विकतात ती काळसर, वेडीवाकडी वस्तू. नमस्काराला जोडलेल्या दोन हातांसारखी दिसते. दुकानदार सांगतो, दूरच्या जंगलातल्या दुर्मीळ झाडाची मुळी आहे. चांदीच्या डबीत ठेवा, पैसा येईल, खटला जिंकाल, लग्न जुळेल. मुळीबिळी काही नाही. ते नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग आहे. त्यासाठी घोरपड मारतात, आणि ते बाहेर यावं म्हणून मारण्याआधी चटके देतात. पत्रकात मी हे असंच लिहिलं होतं.

काकांनी चष्मा लावला, वाचलं आणि पेन काढलं.

“हे बदलू या. ‘घोरपडीचा अवयव’ करू.”

“कुठला अवयव ते कळायला नको?”

“अगं, घरोघरी जाणार हे. महिला वाचणार.”

“मी महिलाच आहे काका. मीच लिहिलंय.”

“तू वेगळी,” ते म्हणाले, आणि बाकीचे हसले. कुणीतरी ‘जननेंद्रिय’ सुचवलं. ते फार डॉक्टरी वाटतं म्हणून पडलं. मी म्हटलं, जो प्राणी ह्या एका गोष्टीपायी मरतोय तिचं नाव आपण घेणार नाही, तर पत्रक कशाला? भजन छापू. तरी बहुमताने ‘अवयव’ पास झाला. चार रंगांत, चांगल्या कागदावर. पंचवटीत वाटला, हरसूलच्या बाजारात वाटला, आणि एक गठ्ठा मी निफाडला मामाच्या घरी टाकून आले.

मामाचं घर आणि द्राक्षाची बाग गावाबाहेर आहे. बाग संपते तिथे ओढा आणि ओढ्याच्या कडेने दगडी बांध. त्या बांधाच्या कपारीत एक घोरपड राहते. मी कॉलेजात असल्यापासून ओळखते तिला. शेपटीचं टोक तुटलेलं आहे. थंडीत ऊन चांगलं वर आलं की आधी नाक बाहेर काढते, मग जीभ, मग कुणी बघत नाही अशी खात्री करून सबंध अंग दगडावर पसरते. पोट दगडाला असं चिकटवते की दगडालाच पाय फुटल्यासारखं वाटावं. नर आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कारण एका पावसाळ्यात ओढ्यात तो दुसऱ्या घोरपडीशी दोन पायांवर उभा राहून कुस्ती खेळला होता. असं नरच खेळतात. छाटणीला आलेल्या बायका म्हणाल्या, लगीन लावत्यात. मामा त्याला ‘आमचा वॉचमन’ म्हणतो. बांधावर उंदराची बिळं दिसत नाहीत ती त्याच्यामुळे, असं मामाच मला सांगायचा, जणू मला माहीत नसतं.

ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर मी निफाडला गेले. बागेत छाटलेल्या काड्यांना, डोळे फुटावेत म्हणून, पेस्ट लावणं चाललं होतं, मामी घरात एकटी होती. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर देवघरात आमचं पत्रक. लॅमिनेट केलेलं. वर हळदकुंकू, आणि ‘घोरपडीचा अवयव’ ह्या शब्दांखाली लाल पेनाची रेघ. समोर चांदीची छोटी डबी, उघडी आणि रिकामी.

“मामी, हे देवघरात काय करतंय?”

“मंग कुटं ठेवू? तुझाच कागद हाय ना. लय उपेगी पडला बाई.”

माझ्या आयुष्यात पत्रकाचं एवढं कौतुक कुणी केलेलं नाही.

मग तिने सगळं सांगितलं, अभिमानाने. नाशकात कॉलेज रोडला एसी ऑफिसात बसणारे एक गुरुजी आहेत. वास्तू बघतात, पत्रिका बघतात. दादाचं, म्हणजे माझ्या मामेभावाचं लग्न जमत नाही म्हणून मामी त्यांच्याकडे गेली. गुरुजी म्हणाले, जोडी घरात आली की जोडी जुळते. हाथाजोडी दिली. मामीने ती डबीत ठेवली, रोज आंघोळ करून तिचा शेंदूर कपाळाला लावला. महिने गेले, काही जुळलं नाही. एक दिवस मामाने खरी का खोटी बघायला ती वस्तू चिमट्यात धरून गॅसवर नेली, तर घरभर प्लास्टिकचा वास. मामा भांडायला नाशकाला गेला. गुरुजी जराही बिचकले नाहीत. ड्रॉवरमधून त्यांनी एक कागद काढला. आमचा.

“म्हनले, बघा, शिकलेल्या लोकांनी छापलंय. खरी जोडी घोरपडीच्या अवयवाची. बाजारातली सगळी डुप्लिकेट.”

“आणि अवयव कुठला, ते नाही सांगितलं?”

“त्यात सांगायचं काय? नावातच हाय की. हाथा. पंजे गं तिचे! घोरपडीनं धरलं का सुटतं व्हय? गड चढली ती. लक्षुमी धरली तर लक्षुमी, स्थळ धरलं तर स्थळ.”

पत्रक काढलं आम्ही, आणि जाहिरात झाली त्यांची.

“मग आता?”

“आता खरी आनायची. नराची पायजे म्हनले. मी म्हनलं आमच्या बांधावरच हाय की. उद्या सकाळी मानूस येनार हाय त्यांचा, जाळी घेऊन.”

उद्या सकाळी. ऊन वर आलं की तो दगडावर येतो हे अख्ख्या घराला माहीत. जाळीवाल्यालाही कुणीतरी सांगितलेलं असणार.

दुपारी मामा आणि दादा जेवायला आले तेव्हा मी ताटावर बसलेच नाही. उभ्या-उभ्या सुरू केलं. घोरपड कायद्याने पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. पकडणारा आत, पकडायला सांगणारा आत, ज्याची जमीन तोही सुटत नाही. सभेत बोलते तसं बोलत होते, हात वर करून. मामाने भाकरी मोडली.

“कळनार कुनाला? वनखात्याचा साहेब काय आमच्या बांधावर बसलाय?”

“मी सांगणार.”

“तू?”

“हो. मीच फोन करणार.”

घास तसाच राहिला मामाच्या हातात. मामीने तव्यावरची भाकरी उलटलीच नाही, करपली.

“वा!” मामी म्हणाली. “वा गं भाची! मामाला जेलात घाल. छाप तुझ्या कागदावर, रंगीत छाप. एका सरड्यापायी?”

“सरडा नाही तो.”

“तेच ते! तुला सरडे हायेत, साप हायेत, बेडकं हायेत. आमाला एकच पोरगा हाय. पावनं येत्यात, बाग बघत्यात, बंगला बघत्यात, डबाभर मनुके घेऊन जात्यात, आन मंग निरोप धाडत्यात, पोरगी म्हनते शेतात नाय ऱ्हायचं. पुन्याला फ्लॅट हाय का इचारत्यात. तू तरी करशील का गं शेतकरी? बोल की! तुमी शिकलेल्या पोरी शेतावर येनार नाय, आन आमी देवाकडं गेलो तर तुमाला तिथंबी अडवायचं!”

ह्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण दादाच्या लग्नाचा प्रश्न बांधावरच्या घोरपडीने निर्माण केलेला नाही, आणि तिला मारून तो सुटणारही नाही. दु:ख खरं असलं म्हणून उपाय खरा होत नाही. आपल्याकडे दु:खी माणसाला सगळं माफ, आणि त्याची किंमत नेहमी ज्याला बोलता येत नाही तो चुकवतो. मी हे तेव्हा बोलले नाही. बोलून उपयोग नव्हता. उद्या सकाळी माणूस येणार होता. कायदा झाला, धमकी झाली, नातं मोडत आलं, तरी बेत जागच्या जागी होता.

मग मी पत्रकातून कापलेला शब्द तोंडातून काढला.

“मामी, तो पंजा नाहीच. हाथाजोडी म्हणजे हात नव्हेत. ते लिंग आहे.”

मामीचे हात आपोआप जुळले. खरंच जुळले, पिठासकट.

“लिंग? म्हंजे म्हादेवाचं?”

“नाही हो...”

“अगं बाई, मंग आदी सांगायचं! आवो, ऐकलं का? गुरुजी नुस्तं पंजे म्हनत व्हते, ही तर पार त्र्यंबकला पोचली. अभिषेक घालावा लागंल त्याला.”

“पिंड नाही मामी! नराचं. पुरुषाचं असतं ते.”

“पुरुषाचं कसं? घोरपड तर बाई. ‘ती’ घोरपड म्हनतो ना आपन?”

“आई, नर बी असतोय,” दादा ताटात बघत म्हणाला. “आपला वॉचमन नरच हाय. कुस्ती खेळला नव्हता का?”

“मंग त्याला ‘तो घोरपड’ म्हना की!”

शाळेत पुल्लिंग-स्त्रीलिंग शिकवतात, देवळात शिवलिंग दाखवतात. शब्द एकच; व्याकरणात चालतो, गाभाऱ्यात चालतो, आणि ज्या गोष्टीचा तो आहे तिथे मात्र चालत नाही. काकांना तरी दोष कुठवर द्यायचा. अख्ख्या मराठीनेच डोळे मिटून घेतलेत.

“मामी,” मी म्हटलं, “बुल्ली.”

“काय?”

“बुल्ली. दादाला लहानपणी न्हाऊ घालताना तुम्ही जो शब्द वापरायचात ना, तोच. नर घोरपडीची बुल्ली. कापून, वाळवून, शेंदूर लावून विकतात. तुमच्या त्या डबीत तिचा प्लास्टिकचा नमुना होता. उद्या खरी येणार आहे.”



“मी मोटर बघून येतो,” दादा म्हणाला आणि हात न धुता बाहेर गेला.

मामाला आधी ठसका लागला. मग तो हसायला लागला. असा हसला की ताट बाजूला सरकवून भिंतीला टेकून बसावं लागलं. “जोडी,” तो डोळे पुसत म्हणाला, “जोडी जुळावी म्हनून व्हय! अरारारा! आन दोन कशी गं?”

“दोनच असतात त्यांना.”

“नशीबवान हाय वॉचमन!”

“गप बसा!” मामी ओरडली. मग माझ्याकडे वळली. “खोटं बोलतीस तू. तुला ते जनावर वाचवायचंय म्हनून घान बोलतीस.”

“गुरुजींना विचारा की.”

तिने पदराला हात पुसले आणि फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. मला खोटं पाडायचं होतं ना.

“गुरुजी, मी निफाडहून. एक इचारायचं व्हतं. तो जो पंजा म्हनले तुमी, तो नेमका कंचा? पुढचा का मागचा?”

पलीकडे गुरुजी खाकरले.

“ताई, शास्त्रात तसा भेद केलेला नाही. तुम्ही श्रद्धा ठेवा. आमचा माणूस बरोबर काढून घेतो.”

“तसं नाय, पन पुढचा का मागचा?”

“मधला का हो गुरुजी?” मामा मागून ओरडला.

फोन कट झाला. मामीने परत लावला. उचलला नाही.

ती देवघरासमोर बसली. डबी घेतली, चिंच लावून घासायला लागली. घासली, धुतली, परत घासली. मी म्हटलं, मामी, ते प्लास्टिक होतं. ती म्हणाली, “पन मला ठावं नव्हतं ना. रोज केसावरनं न्हाऊन, कपाळाला लावलं मी ते. दारावर आलेल्या सवाष्णींना बी लावलं.” मग वर न बघता, “एवढी शिकलीस, तुला जरा बरा शब्द नाय गावला?”

बरा शब्द आम्ही छापला होता, मामी. चार रंगांत. त्या बऱ्या शब्दानेच तुमच्या बांधावर जाळी आणली.

संध्याकाळी मामीने दादाला बोलावून सांगितलं, त्या माणसाला फोन कर, आमच्या शेतात पाय ठेवायचा नाय म्हणावं. मामा म्हणाला, आता का? तर ती म्हणाली, “उद्या पोरीकडच्यांना कळलं की ह्यांच्या देव्हाऱ्यात काय पुजत्यात, तर? आधीच कोन देत नाय.” एवढंच. मी कायदा सांगितला, उंदीर सांगितले, चटके सांगितले. कामाला आली ती लाज. दयेचा एक शब्द त्या घरात कुणी उच्चारला नाही, आणि मी तो आता ऐकायलाही थांबत नाही. जनावर जगलं, मला तेवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधाजवळ बसून राहिले, कुणी आलंच तर म्हणून. कुणी आलं नाही. ऊन वर आलं, कपारीतून नाक आलं, जीभ आली, आणि तो दगडावर पसरला.

पुढची हकिकत कौतुकाची नाही. मामी माझ्याशी बोलत नाही. आईला तिने फोन करून सांगितलं, पोरीला कायदा शिकवलात, लाज शिकवायची राहिली. दिवाळीला फराळाचा डबा आला त्यावर आईचंच नाव होतं. पण बाजारच्या दिवशी मामीने शेजारणीच्या कानात सांगितलं, शेजारणीने भावजयीच्या, आणि पदर तोंडाला लावून ती बातमी अशी फिरली की दोन-तीन देवघरांतल्या डब्या रिकाम्या झाल्याचं मामाने मला कळवलं. आमचं चार रंगांचं पत्रक एकही डबी रिकामी करू शकलं नव्हतं.

हे सगळं मी रविवारच्या सभेत सांगितलं आणि मागणी केली की दुसऱ्या छपाईत शब्द घाला. लिंग नको असेल तर बुल्ली घाला, पण घाला. काका खूप हसले. चहा सांडेपर्यंत हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, “तोंडी ठीक आहे गं. कागदावर नको.” परत बहुमत झालं. पत्रकाची दुसरी खेप आली आहे, ‘अवयव’ जिथल्या तिथे. मी तो गठ्ठा घेते, आणि वाटण्याआधी प्रत्येक कागदावर तो शब्द पेनाने खोडून वर नीट, ठळक अक्षरांत खरा शब्द लिहिते. काकांना कळलं आहे. म्हणाले, ही संस्थेची बदनामी आहे. मी म्हटलं, काढून टाका मला. अजून काढलेलं नाही. पंचवटीतल्या दुकानांपुढे उभं राहून वाटायला दुसरं कुणी तयार नाही ना.

गेल्या महिन्यात मामाकडून रोपं आणायला निफाडला गेले. घरात कुणी बोलावलं नाही, मीही गेले नाही, बागेतूनच फिरले. मामी ओढ्यापलीकडे धुणं वाळत घालत होती. समोर बांधावर वॉचमन उन्हात, सबंध अंग पसरून, एक मागचा पाय ऐसपैस बाजूला टाकून. मामीचं त्याच्याकडे लक्ष गेलं. तिने दगड उचलला नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, तोंड फिरवलं आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

“बसलाय मेला उघडा. लाज नाय त्याला बी.”